मिस्त्रीला पाठवा

जळगाव, मंगळवार, १२ मार्च १९९१

स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून शाळा सुटल्यावर त्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “बाई, मिस्त्रीला पाठवा.” म्हटलं, नळ मला हवाय, मिस्त्रीला नाही. ऐकूनच घेईना. पाऊण तास उभी! नळ समोर टांगलेले, पण एक काढून दाखवेल तर शपथ. शेवटी स्टुलावर चहा पीत बसलेल्या मिस्त्रीला म्हटलं, “भाऊ, तुम्ही मागता का?” त्याने मागितला आणि लगेच चार नळ पुढ्यात.

बाहेर त्याचे आभार मानले, तर हसला. “मी कसला मिस्त्री, अक्का? रावेरला केळीचा ट्रक चालवतो.”

आत्ता पाना घेऊन नळ मीच बसवला. गळत नाही. मग त्या दुकानाला हवं तरी कोण होतं?