रोलरवरची हळद

प्रिय बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र आईच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तुमचा चष्मा खुंटीला लटकलेला असणार आणि तुम्ही खाटेवर डोळे मिटून, ऐकत नसल्यासारखं दाखवत सगळं ऐकणार. म्हणून आधी आईला सांगते. आई, मधलं काही गाळू नकोस आणि तुझ्या मनचं काही घालू नकोस.

मी अकोल्यात मजेत आहे. घरमालकीण इंदूबाई रोज सकाळी आमचा पेपर हातात घेतात, त्यावर अंगठा घासतात आणि काळा झाला की मला दाखवतात. "पाय वं, तुयी शाई माया पोयीले लागली!" अंगठा कोरा राहिला त्या दिवशी मात्र चहा मिळतो. अलीकडे चहा बराच मिळतो आहे, हे मुद्दाम कळवते.

बाबा, गेली दोन वर्षं तुम्ही फोनवर "घे, आईसंग बोल" याच्यापुढे जात नाही. अमरावतीला छपाईच्या कोर्सला नाव घालायला तुम्हीच आला होता. तेव्हा तुम्हाला वाटलं, छपाई म्हणजे पंख्याखाली बसून कागद मोजायचे. मग मी इथे रोटरी मशीनवर लागले, दिवाळीला घरी आले आणि तुम्ही माझी काळी नखं पाहिली. "हे पोरीचे हात हायेत का इंजिनवाल्याचे?" म्हणालात आणि ताटावरून उठलात. लाडूसुद्धा तसाच राहिला. तेव्हापासून शेजारीपाजारी मी 'पेपरच्या ऑफिसात' आहे असं तुम्ही सांगता. ज्या मशीनवर मी तासन्‌तास उभी असते ते तुम्ही एकदाही पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

पाहिलं नाही तर निदान ऐका. माझं काम शाईचं. आमची शाई दौतीतल्यासारखी पातळ नसते. काकवीसारखी घट्ट असते, डबा उलटा केला तरी सावकाश, मर्जीनं खाली येते. ती मशीनच्या टाकीत ओतायची. टाकीच्या तोंडाशी लोखंडी पातं आणि त्याला ओळीनं चाव्या. चावी जितकी ढिली तितकी शाई जास्त. पहिला रोलर ती उचलतो, दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. एक लोखंडाचा, एक रबराचा, असे सगळे एकमेकांना घासत फिरतात आणि ती काकवी पसरत पसरत इतकी पातळ करतात की छापायच्या पत्र्यापर्यंत तिचा नुसता पापुद्रा पोचतो. कुठे जास्त झाली तर अक्षरं बुजतात. कमी झाली तर बातमी आजारी दिसते. सगळीकडे सारखी बसली की रोलरांतून बारीक चुरचुर ऐकू येते. तो आवाज आला की माझा जीव भांड्यात पडतो.

पहिल्यांदा टाकी माझ्या हाती आली तेव्हा मी हौसेनं सगळ्याच चाव्या ढिल्या केल्या होत्या. आमचे फोरमन देवरावकाका ओरडले आणि मला एकदम आपला गोठा आठवला. पोळ्याचा आदला दिवस, खांदशेकणी. वर्षभर जू ओढलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळून पळसाच्या पानांनी शेकायचे. मी मूठभर लोणी घेऊन मथुऱ्याच्या खांद्यावर थापलं, तर तुम्ही माझा हात धरलात. "पोतारा नाही माराचा, बाई. थोडं घे अन् जिरव." मग तुमच्या हाताखाली माझा हात ठेवून तुम्ही ते सारखं पसरवलंत, आणि शेवटी मथुऱ्याच्या आणि राघ्याच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतन दिलंत. मला शाई लावायला तिथे तुम्ही शिकवलंत, बाबा. इंजिनवाल्यानं नाही.

आता मागच्या पोळ्याची गंमत सांगते, जी मी आजवर सांगितली नाही. पोळ्याची पुरवणी आदल्या दुपारी छापायची होती, म्हणून मला गावी येता आलं नाही. मी तोंड पाडून बसले होते. देवरावकाकांनी कारण विचारलं, मी खांदशेकणीचं सांगितलं. काका शेतकऱ्याच्याच घरचे, पण घरात बैल होते ते त्यांच्या आजोबांच्या वेळी. ते एकदम उठले आणि मशीनकडे हात करून म्हणाले, "मंग आपले बैल कोनते? हेच तं! रोज पेपर ओढून राहिले." इंदूबाईंकडून लोणी-हळद मागवली. मी बजावलं, काका, लावायची ती मशीनच्या लोखंडी अंगाला, दोन बोटं, नावापुरती. आणि मी हात धुवायला गेले.

तेवढ्यात काकांना भरून आलं. त्यांनी लोणी-हळदीचा अख्खा पंजा रबराच्या रोलरवर प्रेमानं फिरवला! खांदा म्हणून. मशीन सुरू झालं आणि जिथे लोणी तिथे शाई धरेना. पुरवणीत एका पुढाऱ्याचा हात जोडलेला मोठा फोटो होता, शेतकरी बांधवांना शुभेच्छा देणारा. प्रत्येक प्रतीत त्याच्या गालाजवळ फिकट, पिवळट पंजा. मशीन बंद, रोलर पुसा, पुन्हा शाई चढवा, आमची धांदल उडाली. मालक खाली आले, प्रत हातात घेतली आणि म्हणाले, "याचं लगन लावून राहिले काय तुमी?" मग स्वतःच हसत सुटले. काका मात्र ओशाळले. रोलर पुसता पुसता म्हणाले, "आपल्याले जमलं नाही, पोरी. पुढच्या सालापासून ज्याले येते त्याच्याच हातानं."

परवा आईनं फोनवर सांगितलं की मथुऱ्या गेल्यावर राघ्या एकटा खात नव्हता, म्हणून तुम्ही त्याला शेंदूरजनाघाटला मामाच्या बैलाच्या जोडीला दिलं. बरं केलंत. पण झुली माळ्यावर टाकल्यात, आता नांगरणीला येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याशी धड बोलत नाही, संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात जाऊन बसता आणि "औंदा आपला पोया नाही" म्हणता, हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही 'घे, आईसंग बोल' म्हटलं असतं, आणि आवतन असं लांबून देतही नाहीत, जवळच्या माणसानं कानाशी जाऊन द्यावं लागतं. देवरावकाका मला रोज विचारतात, "तुये बाबा कवा येतेत?" खांदशेकणीच्या सकाळी तिवशाहून अमरावतीची गाडी धरा, तिथून अकोल्याची. मी स्टँडवर उभी असेन. लोणी-हळद इथे आहे. आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या पळसाची पानं तेवढी आणा, आणि तुमचा हात आणा. मशीनच्या लोखंडी अंगाला तुम्ही हळद लावायची, मग माझ्या शेजारी उभं राहून शाई सारखी जिरली की नाही ते पाहायचं. माझी नखं त्या दिवशीही काळीच असतील, मी धुऊन लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आमच्याकडे. आई, आता जागची ऊठ. बाबांनी डोळे मिटलेले असले तरी त्यांच्या कानाशी जा आणि हे हळू वाच: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तुमचीच, काळ्या नखांची,
पौर्णिमा