नीराबाईचे घर आणि खोडलेली ओळ

मी, शिवदास बुधाजी, वय अठ्ठावन्न, धंदा होड्या बांधण्याचा, राहणार दिघी, संस्थान जंजिरा, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पोटाच्या दुखण्याने अंग खंगले आहे, पण डोके शाबूत आहे. कोणाची जबरदस्ती नाही.

१. वाकस, पटाश्या व करवती ही माझी सुतारकामाची हत्यारे पुतण्या अनंता याला द्यावीत. त्याचा हात चांगला आहे, फक्त घाई करतो.

२. राहते घर मी स्वकष्टाने बांधले. थोरला भाऊ अंबाजी याचा त्यावर हक्क नाही. ते कोणाला द्यायचे ते पुढे लिहितो, आधी त्याचे कारण. आमच्या लग्नाला चार दिवस असताना माझी बायको नीराबाई आगरदांड्याहून एकटी खाडी ओलांडून माझ्या कामावर आली. म्हणाली, "माझं मन दादू तरवाल्यावर हाय. मी न्हाय म्हटलं तर बाप जीव घेईल. तुम्ही न्हाय म्हणा." दादू याच खाडीवर उतारूंची होडी चालवतो. मी घरी येऊन भावाला सांगितले. आता माघार घेतलीस तर गाव हसेल, असे तो म्हणाला. मी हसण्याला भ्यालो आणि लग्न केले. भावाचा दोष थोडा, माझा मोठा.

३. बत्तीस वर्षांत नीराबाईने मला शिळे वाढले नाही आणि माझ्याशी कधी मोकळी हसलीही नाही. मूलबाळ झाले नाही. माहेरी जाताना दादूची होडी लागली असली तर ती दुसरीची वाट बघत बसे. तिचा बाप वारला तेव्हा मात्र दुसरी होडी नव्हती. मी दोघांच्या मध्ये बसलो. पलीकडे दादूने मला हात दिला. ती गुडघाभर पाण्यातून एकटी उतरून गेली.

४. दादूने लग्न केले नाही. माझ्यामागे नीराबाईने त्याच्याशी पाट लावावा, असे मी येथे लिहिले होते. आमच्यात विधवेने असे पुन्हा लग्न करण्याची चाल आहे. तिला सांगितले तेव्हा ती मासळी साफ करीत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्ये बी तुम्हीच ठरवणार?" मग सुरीवरची खवले झटकून म्हणाली, "दादू तरणा होता तवा मी बी तरणी होते. आता मला कोणाचंच घर नको. माझं द्या."

ती ओळ मी खोडली आहे. घर व परसातील सात नारळी नीराबाईच्या मालकीच्या. ती एकटी राहो, पाट लावो, विकून जावो, तिला कोणी विचारू नये. मीही विचारलेले नाही.

साक्षीदारांना वाचून दाखवले, बरोबर आहे. खोडलेल्या जागी वेगळी सही केली आहे.

सही : शिवदास बुधाजी
साक्षीदार : भागोजी सदू, दिघी; तुकाराम अनाजी, बोर्ली पंचतन
मुक्काम दिघी, ता. १२ डिसेंबर १९३५