कॉफीला नाही म्हणू नये

मेदेयीन, मंगळवार सकाळ

आई, आधी आशीर्वाद दे, मग वाच.

ओफेलियाबाईंनी कॉफी पुढे केली आणि मी ऐटीत "नको" म्हटलं, तिथेच माझं सगळं बदललं. वस्तीतल्या मदत केंद्रात त्या आम्हा पोरांकडून नोकरीच्या मुलाखतीचा सराव करून घेतात. पुढे त्यांनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस?" मी भडकलो आणि दार आपटून निघालो.

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत गेलो. बाई म्हणाल्या, "या वादळराव! कॉफी नाकारणाऱ्याला आपल्याकडे काम कोण देईल? आधी घोट घे, त्याबरोबर राग गिळ, मग बोल."

आता सरावाला समोर साहेबीण होऊन यामिले बसते. तीही तेच विचारते. तिच्याच मागे मी शहरात आलो, हे ठाऊक असून हसत नाही, लबाड! मी घोट घेतो आणि सांगतो, "हातानं केलेलंच माझ्या डोक्यात शिरतं."

आज फ्रिजदुरुस्तीच्या कारखान्यात खरी मुलाखत आहे. काम मिळालं नाही तर गावी परतावं लागेल आणि यामिले इथेच राहील. पण तू काळजी करू नकोस, जेवतोय नीट. बाबांचा खोकला कसा आहे?

चल, निघतो. दार बघ कसं हळूच लावतो.

तुझा विल्मार