चाखणारीचा गळा

४ मार्च, सोमवार

पुन्हा अडकलं! उगालीचा घास, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, लिंबाएवढाही नव्हता. छातीच्या जरा वर थांबला, मग सावकाश खाली गेला. घटाघटा पाणी प्यायले. बियेगोनने ताटातून मान वर केली — "काय झालं?" "ठसका." नवऱ्याशी खोटं बोलायला मला आता विचारही करावा लागत नाही.

बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी उगाली, मग भात, मग दूध, शेवटी थुंकीसुद्धा नाही. आम्ही सगळे शहाणे त्यांना कढत चहा पाजत होतो, म्हणजे मोकळं होईल! त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

५ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात तीन घास करून पाहिले. लहान गेला. मधला गेला. मोठा — गेला बहुतेक.

७ मार्च, गुरुवार

कारखान्यात बरं वाटतं. तिथे गिळावंच लागत नाही! ओळीने चाळीस पेले मांडलेले. चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, थुंकायचा, पुढच्या पेल्याकडे सरकायचं. अकरा वर्षं हेच काम. कुणाला संशय येणार?

दुपारी गोदामात कुणी नव्हतं. पोती जोखायच्या काट्यावर उभी राहिले. साडेएकसष्ट. गेल्या महिन्यात त्रेसष्ट होते! की तेव्हा बूट घातले होते? आठवेना. तेवढ्यात मागून गोदामवाला रोटिच — "मॅडम, तुम्हाला कुठे घालू? पहिल्या प्रतीत की भुकटीत?" हसले. हसावंच लागलं. बूट काढून जोखायचं राहून गेलं.

१० मार्च, रविवार

चर्चनंतर नेहमीप्रमाणे सगळे ताप्रांदिचताईकडे जेवायला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाजारात मुर्सिक, म्हणजे भोपळ्यात विरजलेलं दूध विकते, आणि आवाज असा की गिऱ्हाईक रस्त्यापलीकडूनच वळतं. ती वाढत होती, भोपळा हलवून दही ओतत होती, पोरांना दटावत होती. माझ्या ताटाशी येऊन थांबली. "एवढ्याशा उगालीवर माझी कोंबडीसुद्धा रुसेल!"

जेवणं झाल्यावर तिने मला चुलीशी गाठलं. मग सांगून टाकलं — अडकतं, वजन उतरतंय, बाबांसारखं होतंय. तिने दाराबाहेरच्या पोरांकडे एकदा बघितलं. मग हसायलाच लागली. "अकरा वर्षं थुंकण्याचा पगार घेतेस. गळा गिळायचं विसरला असेल!"

मला भयंकर राग आला. म्हटलं, "बाबांचं विसरलीस?"

"त्यांच्या तोंडापुढे वाटी कोण धरायचं? मी. मला नको शिकवूस, चेबो. तुला काही झालेलं नाही. पेरूची बी गिळलीस तेव्हा पोटात झाड उगवेल म्हणून दोन दिवस रडत होतीस, तीच तू!"

घरी येईपर्यंत बरं वाटलं. घरी आल्यावर आरशात मान वाकडी करून चाचपली. डावीकडे काहीतरी आहे. उजवीकडेही आहे. म्हणजे ते सगळ्यांनाच असतं?

१३ मार्च

शेवटी मिशनच्या हॉस्पिटलात फोन केला. तोंडातून नळी घालून आत बघतात. एकोणीस तारीख मिळाली. उपाशीपोटी या म्हणाले. आणि सोबत कुणीतरी हवंच — औषधाची गुंगी असते.

बियेगोनला सांगायचं नाही. तो सासूबाईंना सांगणार, सासूबाई अख्ख्या चर्चला, आणि रविवारी पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत माझ्या नावाने प्रार्थना! मला नाही ऐकवणार ती.

ताईलाच फोन केला. "येते," म्हणाली. "घाबरटांना एकटं सोडू नये." कधी, किती वाजता, काही विचारलं नाही. एरवी बाजाराचा दिवस ती कुणासाठी सोडत नाही.

१६ मार्च

आज सतरा वेळा गिळून पाहिलं. तोंडात काही नसताना. नुसतंच.

१९ मार्च, मंगळवार

हात अजून जड आहेत, तरी लिहिते.

पहाटे पाचच्या मटाटूने, गच्च भरलेल्या छोट्या बसने निघालो. हॉस्पिटलच्या बाकांवर तीस-चाळीस माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक डबा किंवा बाटली, त्यात पेज. मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही.

सिस्टरने विचारलं, "घरात कुणाला होतं?" "वडिलांना." "या कोण?" "सख्खी बहीण." "मग यांचंही बघायला हवं. आज एकजण आलेला नाही. सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंय, मावशी?"

मला वाटलं, ताई हात झटकेल. ती उठून उभीच राहिली. "हिच्या नादाने मीही उपाशी. घाला नळी! या घाबरटाला दाखवते कशी गिळायची ती."

"आणि दोघींना गुंगी आल्यावर घरी कोण नेणार?" सिस्टर वैतागली. मग काय — बियेगोनला फोन!

नळी घालताना मी किंचाळले असणार. आता आठवत नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, "अन्ननलिका स्वच्छ आहे. भीतीनेही गळा आवळतो. तुम्हाला होतं ते खोटं नाही, पण तो रोग नाही." मी रडले. त्यांचा हात धरून रडले!

ताईला त्यांनी विचारलं, "तुम्हाला गिळताना काही त्रास?" "छे!" "छोटा तुकडा तपासायला घेतलाय. तीन एप्रिलला या." ताई म्हणाली, "एकच? मी तर पिशवी आणली होती." डॉक्टर हसले नाहीत. फार थकलेले दिसत होते.

मग बियेगोन आला. चहामंडळाच्या बैठकीला जाते म्हणून सांगून गेलेली बायको हॉस्पिटलच्या बाकावर, मेहुणीच्या खांद्यावर डोकं टाकून! अंगावरचा कोट काढून माझ्यावर घातला. अर्ध्या वाटेत म्हणाला, "मला सांगायचं होतंस." इतक्या हळू, की मला माझी लाज वाटली.

२१ मार्च

स्वच्छ! स्वच्छ! स्वच्छ! आज मोठा घास घेतला.

अडकला.

२४ मार्च, रविवार

ताई आज चर्चला आली नाही. तिची पोरगी म्हणाली, आई दमलीय. त्यामुळे आम्ही घरीच जेवलो.

माझ्या डोक्यात वेगळंच. स्वच्छ आहे तर अडकतं कसं? आणि एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच बापाच्या दोन लेकी — कागदांची अदलाबदल झाली असली तर? बियेगोनला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "डॉक्टर तुझ्या गळ्यात उतरून बघून आला, आणखी काय हवंय?" बरोबर आहे त्याचं. पण तो गळा त्याचा नाही.

२६ मार्च

राहवेना. ताईला फोन केला. "तुझ्या कागदावर वर नाव कुणाचं आहे, जरा वाच ना."

"माझंच आहे. हवाय तर घेऊन जा बाई तो कागद!" फोन ठेवून दिला. असं ती कधी करत नाही. गिऱ्हाईक असेल समोर.

१ एप्रिल

दोन दिवस. ताईला म्हटलं, मी येते सोबत, माझं पुन्हा एकदा विचारून घेते. "ये," एवढंच म्हणाली.

३ एप्रिल

रोग ताईला आहे.

बाकावर बसून राहिलो होतो. ती म्हणाली, "जानेवारीपासून मला उगाली उतरत नाही, चेबो. नुसत्या मुर्सिकवर आहे. तू चुलीशी सांगायला लागलीस ना, तेव्हा वाटलं माझंच सांगतेस."

"मग हसलीस कशाला गं?"

"मग काय करू? पोरं बाहेर होती."

सोमवारी मोठे डॉक्टर बघतील, काढता येतं का ते. मी जाणार आहे.

दर रविवारी तिच्या हातचं जेवत होते. तीन महिने. तिच्या ताटाकडे मी एकदाही बघितलं नाही.