भिंतीतला करार

२ एप्रिल, बुधवार

डेलियाकडे गेलो नसतो तर बरं झालं असतं! तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी. जानेवारीपासून आहे म्हणे, जवळून आज बघितली.

तिचे बाबा, मिस्टर ऑर्व्हल, कंबर मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी मागची खोली मी बांधली, न्हाणीघरासकट, कुठेही उंबरा नाही. त्या सामानावरचा विक्रीकर डेलियाला आता आयकर भरताना त्यांच्या उत्पन्नातून वजा दाखवायचाय. पण पावत्या सगळ्या माझ्या नावाच्या. पैसे त्यांचे, दुकानात जाणारा मी!

"माझं नाव खोडून बाबांचं घाल," मी म्हटलं.

"कॉलेज सोडलंस, अक्कलही तिथेच ठेवून आलास का रे?"

हसली. मेलो मी.

४ एप्रिल

आज तिने नियम वाचून दाखवला. लेखी करार हवा — बांधणारा मालकाच्या नावाने खरेदी करेल, मालक सांगेल तसंच वागेल. असा करार असेल तर तो कर मालकाने भरला असं धरतात.

"आत्ता लिहितो! मागची तारीख टाकतो!"

तिने पेन आपटलं. "खोटंच लिहायचं असेल तर ब्रेंटला सांगेन. तो जुन्या गाड्या विकतो."

ब्रेंट म्हणजे अंगठीवाला. मला हसू आलं, मग रडू.

तेवढ्यात मिस्टर ऑर्व्हल खुर्ची ढकलत आले. "करार आहे की! पहिल्याच दिवशी याने भिंतीच्या आतल्या फळीवर लिहिला, दोघांच्या सह्या आहेत. आठवतं ना, कोबी?"

"नाही सर," मी म्हटलं.

"नाही सर काय? खिडकीच्या डावीकडची उभी फळी!"

आठवतं. चांगलं आठवतं! सुतारी पेन्सिल, तारखेसकट. आणि वरून बोर्ड ठोकून भिंत बंद करायच्या आदल्या संध्याकाळी त्याच फळीवर, सह्यांच्या खाली, मी एकट्याने जे लिहिलं तेही. कायमचं झाकलं जाणार म्हणूनच तर लिहिलं!

५ एप्रिल

जेवलो नाही. गाडीच्या दाराला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

७ एप्रिल

डेलियाला फोन केला — त्या भिंतीत वायरी आहेत, कापणं धोक्याचं.

"वायरी तूच ओढल्यास. कुठून कापायचं ते तुलाच ठाऊक. आणि लेखी म्हटलंय, कागदावरच हवं असं कुठे म्हटलंय? शुक्रवारी करवत घेऊन ये."

मागून मिस्टर ऑर्व्हल ओरडले, "मी सांगेन तसंच वागायचं! सही केलीयस, पोरा!"

आता काय करू? गाव सोडून जाऊ? पंधरा तारखेला आयकर भरायची मुदत संपते. आजारी माणसाचं नुकसान करून?

११ एप्रिल, शुक्रवार

कापलं. रेघ वाकडी गेली.

डेलिया टॉर्च घेऊन वाकली. मी जमिनीकडे बघत राहिलो. फोटो काढल्याचा आवाज आला.

"सापडला, बाबा," एवढंच म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सोडला. सोडलेलाच ठेवला.

११ एप्रिल, परत

ती गेल्यावर मी वाकलो. माझी ओळ होती तशीच — "डेलिया, तू गावी परतलीस म्हणून मी कॉलेज सोडलं."

खाली तिचं अक्षर. दुसऱ्या दिवसाची तारीख, सकाळचे सात.

"वाचलं. तोंडाने विचार. ख्रिसमसपर्यंत थांबते."

त्याच सकाळी आठ वाजता, न बघताच, मी शिट्टी वाजवत त्यावर बोर्ड ठोकला होता.