अंगाऱ्याचं झाकण

कांडला, सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१

अनंतादाजी, गाडी बंद पडली यात माझी चूक कशी, हे तुमचं पत्र तीन वेळा वाचूनही मला कळलेलं नाही. मी इथे, गाडी तिकडे मोरिवलीत तुमच्या पडवीत. इथून बिघडवायची म्हटली तरी माझा हात एवढा लांब नाही. त्याच्या आधीच्या पत्रात तुम्ही मोटरसायकल तुझ्यासारखीच आळशी आहे असं लिहिलंत, आणि आता तर भंगारवालाच ठरवून मोकळे झालात. नमस्कार करायचा राहिला, तो घ्यावा. चिमीताईला आणि आईला पण सांगावा. ताईचा गुडघा कसा आहे? तुमचा दमा? दिवाळीचा फराळ पोचला, चकल्यांचा चुरा झाला होता पण चमच्याने खाल्ला. मी ठीक आहे. दिवसभर टाकीच्या आत वेल्डरच्या हाताखाली, आणि बाहेर आलं की चारी बाजूंना मीठ. आमच्या आजोबांनी मिठागर सोडलं आणि नातू एवढ्या लांब येऊन परत मिठातच उभा. (हे आईला वाचून दाखवू नका. म्हणेल, मग इथलं मीठ काय अळणी होतं.)

आता गाडीचं. तुम्ही लिहिता की हॉर्न वाजतो, लाइट लागते, पण किक मारून मारून उजव्या पायातली वहाण तुटली. दाजी, मी सातवीतून उठलेला माणूस, पण हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी जिवंत आहे एवढं मला समजतं. मग उल्हासनगरच्या त्या परसू मिस्त्रीने नवी बॅटरी कशाला घातली? हॉर्न जास्त गोड वाजावा म्हणून? मग त्याने प्लग बदलला. अहो, प्लग खोलून वायरीसकट इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. ठिणगी दिसली तर प्लग बरा, नाही दिसली तर नवा घालून बघायचा. तुम्हीच लिहिता की जुन्यात ठिणगी नव्हती आणि नव्यातही नाही. म्हणजे रोग मागे कुठेतरी आहे, प्लग बिचाऱ्याने काय करायचं. मग कॉइल बदलली. मग चौघांनी मिळून तुमच्या कंपनीच्या भिंतीपासून मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली. त्यात चौघांना धाप लागली, गाडीला नाही.

राहिलं काय? पॉइंट. उजव्या बाजूला वाटीएवढं गोल झाकण आहे ना, त्याच्या आत दोन बारीक टोकं असतात, ती एकमेकांना टेकून सुटली की ठिणगी पडते. कुठलाही शहाणा मिस्त्री ते झाकण सगळ्यात आधी उघडतो. परसूनेही तेवढ्यासाठी पेचकस काढला (उशिरा का होईना), आणि तिथे ताई आडवी आली. "तेवढं झाकण सोडून काय पाहिजे ते उघडा," म्हणाली. आता ताईचं पण काय चुकलं? जुलैत निघताना मीच तिला सांगून आलो होतो की आत गावदेवीचा अंगारा ठेवलाय, मी सुखरूप परत येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मला वाटलं, आठ दिवसांत विसरेल. तिने दर मंगळवारी झाकणाला हळदकुंकू आणि उदबत्ती सुरू केली, दसऱ्याला नारळ फोडला. परसू मिस्त्री म्हणे आता चपला काढून गाडीजवळ येतो. आणि तुम्ही लिहिता, देवीनेच गाडी बांधून ठेवलीय, तिथे आपलं काय चालणार, सतरा तारखेच्या रविवारी भंगारवाला नऊशे देऊन घेऊन जाईल. दाजी, तुम्ही युनियनचे. गेटवर उभे राहून मॅनेजरला नावाने हाक मारणारे. आणि बायकोच्या उदबत्तीपुढे माझी गाडी विकायला काढता?

चौदा महिने ओव्हरटाइम करून ती जुनी गाडी घेतलीय मी. आमची जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन वीस वर्षं झाली तरी. घर काकाच्या नावावर, रेशनकार्ड आईच्या. चंदर असं कागदावर लिहिलेली वस्तू जगात एकच आहे आणि ती तुमच्या पडवीत उभी आहे. माझ्या सहीशिवाय ती विकता येत नाही, पण तुकडे करून नेणारा सही कुठे मागतो.

अजून एक लिहिलंत, की मी गाडी तुम्हाला मुद्दाम चालवू दिली नाही. हे साफ खोटं आहे. जायच्या आधी दिली होती. तुम्ही ती सरळ बारकूच्या नव्या लावणीत नेऊन उभी केलीत. भाताची रोपं चाकाच्या तारांतून मी दोन दिवस उपटत होतो. तरी तोंडातून शब्द काढला नाही, कारण तुम्ही मोठे, ताईचे मालक. तोंडाने बोलता येत नाही तेव्हा माणूस दुसरं काहीतरी करून बसतो, पण ते असो. नंतर तुमचं शिकाऊ लायसन हरवलं, त्याला मी काय करणार? ताईने रद्दीत घातलं म्हणून तुम्ही तिच्याशी आठ दिवस अबोला धरलात, हे मात्र बरं केलं नाहीत.

सांगायचं एवढंच की मी निर्दोष आहे, गाडीही निर्दोष आहे. रविवारी कोणाला पडवीत घेऊ नका. जादा तिकीट लावून टाकतोय, त्याच्या आत पोचेल.

तुमचा मेव्हणा,
चंदर

ता. क. तार केली असती, पण तार आणणारा गोमा अंगणात उभा राहून मोठ्याने वाचतो, आणि पुढचं मोरिवलीला कळायला नको. ताईला सांगा, काल देवी माझ्या स्वप्नात आली आणि म्हणाली, माझा अंगारा मी परत घेतला, आता खुशाल उघडा. तरीपण उघडताना तुम्ही एकटेच असा. दोन स्क्रू आहेत. आत अंगारा दिसणार नाही. त्या दोन टोकांच्या मधे नखाएवढी कागदाची घडी दिसेल. ती हळूच ओढा आणि एकच किक मारा.

पुन्हा ता. क. घडी उलगडू नका. उलगडलीत तर तिच्यावर अर्धा शिक्का आणि तुमच्या नावातला 'ता' दिसेल. बाकीचं लायसन सीटच्या स्पंजखाली आहे. ताईला सगळं खरं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलंत तर मी गावदेवीच्या जत्रेला यायचं की नाही तेवढं कळवा. पण त्या आठ दिवसांबद्दल तिच्याशी आधी तुम्ही बोला. ते माझ्यामुळे झालं.

शेवटचं. मनिऑर्डर वेगळी केलीय. शंभर रुपये तुमच्या नव्या शिकाऊ लायसनला. चालवा गाडी, एव्हाना कापणी झाली असेल, शेतात गेली तरी बारकू ओरडणार नाही. आणि एक रुपया गावदेवीपुढे ठेवा, तिच्या नावावर मी थाप मारली त्याचा, आणि वर स्वप्नाची जी दुसरी मारली तिचा पण त्यातच धरा. एकूण एकशे एक रुपये.