गोठ्यातला धूर

आई, काल आफ्रिकेतून फोन आला. ज्या खोऱ्यात मी इतकी वर्षं राबले, तिथल्या सापळ्यांत वर्षभरात रोग पसरवणारी एकही माशी सापडलेली नाही. बरोबरचे सगळे एकमेकांना फोन करून हसत-रडत होते, आणि मी शाहूपुरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून मागच्या खिडकीतून गोठ्याची जागा बघत होते. तिथे आता भाच्याची मोटरसायकल असते. तू जाऊन तेरा वर्षं झाली, तरी काही घडलं की आधी तुलाच सांगावंसं वाटतं, आणि याचा मला कधीकधी रागही येतो.

आपली म्हैस गेली तेव्हा मी नववीत होते. तू मामाकडच्या लग्नाला चंदगडला गेली होतीस, परतीची एसटी चुकली, एक मुक्काम पडला आणि त्या संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाचा धूर घालायचा राहिला. पुढे काही आठवड्यांनी म्हैस तापली, जागच्या जागी गोल फिरू लागली, भिंतीला डोकं टेकून उभी राहू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून सर्रा असल्याचं सांगितलं, चावऱ्या माशीतून होतो म्हणाले. तेवढ्यावर तू सगळं स्वतःच्या माथी घेतलंस. त्यानंतर तू माहेरी कधी मुक्कामाला राहिली नाहीस. मामी हाताला धरून थांबवायची आणि तू पिशवी उचलून स्टँडवर. पुढे दावणीला एकही जनावर उरलं नाही, तरी संध्याकाळच्या आत तू घरी असायचीस.

तिकडची माशी जनावरांना सर्र्यासारखाच रोग देते आणि माणसांनाही सोडत नाही. माणूस दिवसा झोपतो, भ्रमिष्ट होतो, मरतो. माशीला सरहद्द नसते, म्हणून काम पाच-सहा देशांनी वाटून घेतलेलं. एका देशात माश्या वाढवायच्या, नरांना किरण देऊन निर्बीज करायचं, थंड खोक्यांतून दुसऱ्या देशात न्यायचं आणि विमानातून सोडायचं. अशा नराशी जुळलेल्या मादीला पिल्लू होत नाही. हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "म्हंजे माश्यांची लग्नं लावाय गेलीस व्हय एवढ्या लांब?" आपण दोघी किती वेळ हसत होतो. मग तू विचारलंस, तिकडच्या बायका गोठ्यात धूर घालतात का. घालतात, मी म्हटलं. "मग त्यास्नी सांग, एक दिस बी चुकवू नगा म्हणावं. मी चुकीवला न् म्हस गेली की."

आई, तेव्हा मला सगळं माहीत होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासूनच माहीत होतं. तू जिला गोमाशी म्हणायचीस ती दिवसाढवळ्या चावते, म्हैस पंचगंगेवर डुंबायला जाते तेव्हा, भर उन्हात. संध्याकाळच्या धुरानं फार तर डास पळत असतील. तुझ्या त्या एका मुक्कामाचा म्हशीच्या मरणाशी काही संबंध नव्हता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी जेवलीस का विचारून फोन ठेवला.

इतकी वर्षं धूर डोळ्यांत घेतलास तो फुकट गेला, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू, असं मी स्वतःची समजूत घालत आले. परवा मामीनं विचारलं, "तुजी आई एक रात बी का ऱ्हाईत न्हवती गं?" तिलाही मी काही सांगितलं नाही. हा कागदही तुझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवून देणार आहे. खरं कारण फार साधं आहे. मी न कळवता सुट्टीला यायचे आणि दर वेळी दार तूच उघडायचीस. सांगितलं असतं तर तू चंदगडला जाऊन राहिली असतीस, आणि मला तू घरी हवी होतीस.